परदेशातून: आधी गळपट्टा पिळा

2025 च्या 11 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली आणि आसपासची भटकी कुत्री उचला, परत सोडू नका, असा आदेश दिला. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो सैल केला: नसबंदी करा, जंताचं औषध आणि लस द्या, होती तिथं सोडा, फक्त पिसाळलेली आणि अंगावर येणारी ठेवून घ्या. मग 7 नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं इथली कुत्री हलवा आणि त्याच जागी पुन्हा सोडू नका, असं ठरलं. या तीन तारखांनी बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे घरोघरीचे ग्रुप उभे फुटले. सीमाप्रश्नावर एकमेकांकडे पाठ करून बसणारे मराठी-कन्नड शेजारी कुत्र्याच्या बाबतीत मात्र हातात हात घालून भांडतात, एवढं एक बरं झालं. शेवटी वाद गल्लीतल्या कुत्र्यावरून घरातल्या कुत्र्यावर येतोच, आणि कुणीतरी विचारतं: लेकराच्या नरडीला लागलं तर स्वतःचं लाडकं कुत्रं मारशील काय?

इकडे ब्रिटनमध्येही हा प्रश्न असाच विचारला जातो. तिकडची माणसं म्हणतात, "त्यात विचारायचं काय, काठी उचलायची." इकडची माणसं म्हणतात, "आमचं कुत्रं असं करणारच नाही." दोन्ही उत्तरांत लेकरू मरतं. कुत्र्यानं दात रोवलेले असताना तुमची मारायची तयारी आहे का, याला काडीचाही अर्थ नसतो. तोंड सोडवायचं कसं, ते ठाऊक आहे का, याला असतो. ठार मारायचा निर्णय नंतरचा आहे, आणि तो सावकाश घ्यायचा आहे. आपल्याकडे हे नेमकं उलटं होतं.

चावण्याचे ढोबळ दोन प्रकार. बहुतेक पाळीव कुत्री चावून लगेच सोडतात: जेवताना हात घातला, झोपेत अंगावर पडलं, दुखऱ्या कानाला ओढलं, की एक झटका आणि मागं. तिथं मध्ये उभं राहायचं. उशी, पाट, खुर्ची, दप्तर, जे हाताला लागेल ते दोघांच्या मध्ये घालायचं आणि लेकराला उचलून आत न्यायचं. दुसरा प्रकार दात रोवून धरून ठेवण्याचा, धरून मान झटकण्याचा. इथं आईबापाचा हात पहिल्यांदा लेकराकडे जातो आणि तिथंच घात होतो. लेकराला मागं ओढलं की मांस फाटतं. दातांच्या चार भोकांची जखम वीतभर होते. लहान मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला येतं, म्हणून हे गालाला, ओठाला, मानेला होतं. एकानं लेकराचं डोकं आणि धड घट्ट धरून कुत्र्याच्या तोंडाजवळच स्थिर ठेवायचं. ऐकायला भयंकर आहे, पण झटके बसू द्यायचे नाहीत ते असे.

दुसऱ्यानं मागून जायचं. मोठं कुत्रं असेल तर घोड्यावर बसल्यासारखं त्याच्या कमरेवर पाय टाकून गुडघ्यांत आवळायचं. दोन्ही हातांनी गळपट्टा धरून वर सरकवायचा, कानांच्या लगेच मागं आणि जबड्याच्या खाली, जिथं मान सगळ्यात बारीक असते तिथं. मग पिळायचा आणि वर उचलून धरायचा. हिसके द्यायचे नाहीत, धरून राहायचं. श्वास कोंडला की कुत्र्याला तोंड उघडावंच लागतं. काही सेकंदांत उघडतं, कधी अर्धं मिनिट लागतं, आणि ते अर्धं मिनिट फार लांब असतं. पकड जरा ढिली झाली म्हणून लेकरू ओढू नका, जबडा पूर्ण सुटू द्या. सुटला की पीळ सैल करा, पण पट्टा सोडू नका. तसंच मागं ओढत न्या आणि खोलीत कोंडा, नाहीतर खांबाला बांधा. सुटलेलं कुत्रं पुन्हा त्याच लेकरावर जाऊ शकतं. पट्टा नसेल तर कमरेचा पट्टा, ओढणी, दाव्याचा तुकडा, काहीही गळ्यात फासासारखं घालून हेच करायचं. घरात एकटेच असाल तरी क्रम हाच, आधी कुत्रं. यात कुत्रं बेशुद्ध पडेल, एखाद्या वेळी मरेलही. मरू दे. त्या अर्ध्या मिनिटात लाडक्या कुत्र्याला इजा करणं हे कामच आहे, आणि ते नीट करायचं असतं.

काठीचं सांगतो. चेकाळलेल्या कुत्र्याला दुखणं उशिरा कळतं, आणि कळलं की ते आणखी घट्ट धरतं किंवा मारणाऱ्यावर उलटतं. विळा-सुरीनं भोसकलेलं कुत्रं लगेच मरत नाही, लगेच सोडतही नाही. झटापटीत पातं कुणाला लागेल याचा भरवसा नाही. तोंडात बोटं घालून जबडा उघडू बघणाऱ्याची बोटं जातात. बादलीभर पाणी नाकावर मारलं तर हलकी पकड कधीकधी सुटते. आपल्याकडं याहून चांगली एक वस्तू आहे: घोंगडं. चिकोडी, रायबाग, अथणी भागात धनगराचं जाड घोंगडं अजून घरात असतं. ते डोक्यावर टाकून अंधार केला की काही कुत्री गोंधळून सोडतात. नाही सोडलं तरी घोंगड्यावरून मान धरणाऱ्याचे हात वाचतात. ते सोप्यात खुंटीला असू द्या, माळ्यावर गुंडाळून ठेवू नका.

मुधोळ कुत्र्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण बेळगावच्या मळ्यांत आता ते हौसेनं पाळतात. मुधोळचे संस्थानिक मालोजीराजे घोरपडे यांनी नावारूपाला आणलेली ही जात, 2005 मध्ये तिच्यावर टपाल तिकीटही निघालं. हे शिकारी, नजरेनं पाठलाग करणारं कुत्रं. पळतं ते त्याला सावज वाटतं, मग तो ससा असो की किंचाळत पळणारं पोर. शिवाय याचं डोकं इतकं निमुळतं की साधा पट्टा मानेवरून सरकून हातात येतो. ऐन वेळी पिळायला काही राहत नाही. याला रुंद पट्टा हवा, ओढल्यावर जरासा आवळणारा. पोरांना एवढं शिकवून ठेवा: कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, हात छातीशी घेऊन खांबासारखं उभं राहायचं, नजर खाली. पडलात तर गुडघे पोटाशी आणि हात कानांवर, मानेवर.

आता नंतरचं. परदेशातून गावी सल्ले पाठवणाऱ्यांनी इथं जपून राहावं. ब्रिटनमध्ये कुत्र्यांतला रेबीज 1922 मध्येच संपला. इकडचा डॉक्टर चावा पाहून पू होईल काय, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय काय, एवढं बघतो. इकडचं 'जखम साफ ठेवा, दोन दिवस वाट बघा' हे तिकडच्या भावाला पाठवणं म्हणजे लेकराच्या जिवाशी खेळ. रेबीजची लक्षणं दिसू लागली की जवळजवळ कुणी वाचत नाही.

जखम वाहत्या नळाखाली धरायची आणि साबणानं 15 मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. कपड्याचा साबणही चालतो. पोर रडतं म्हणून दोन मिनिटांत आटोपतात, तिथं चूक होते. साबणानं विषाणूचं आवरण विरघळतं, आणि पाण्याची धार त्याला बाहेर काढते. तिखट, चुना, हळद, तेल काही लावू नये. त्यानं जखम भाजते आणि विषाणू आतच राहतो. टाके लगेच घालू नयेत. घालावेच लागले तर आधी जखमेत सिरम, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं औषध, गेलं पाहिजे. रक्त आलं असेल तर नुसती लस पुरत नाही. लसीनं अंगात ताकद यायला दिवस लागतात, तोवर सिरम हवंच. ते जखमेच्या आत आणि भोवती टोचतात: माणसापासूनचं किलोला 20 युनिट, घोड्यापासूनचं किलोला 40. म्हणजे 15 किलोच्या पोराला 300 किंवा 600. जखमा अनेक असल्या तर एवढंसं औषध पुरत नाही; मग सलाइन घालून वाढवायचं आणि सगळ्या जखमांपर्यंत पोचवायचं, मात्रा वाढवायची नाही. कातडीत टोचायची लस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. लस प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. सिरम आहे का ते मात्र निघण्याआधी फोनवर विचारा. नाहीतर जांबोटी-कणकुंबीकडून खानापूर, तिथून बेळगावचं जिल्हा रुग्णालय, असा दिवस रस्त्यात जातो. आणि 28 व्या दिवसाची सुई चुकवू नका. पोर खेळायला लागलं की ती हमखास चुकते.

आता कुत्रं. गावात या घटकेला चार जण काठ्या घेऊन जमतात आणि डोकं ठेचतात. ब्राह्मणाच्या बायकोच्या मुंगसाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. तोंडाला रक्त दिसलं आणि तिनं घागर घातली डोक्यात, पाळण्याशेजारी मेलेला साप नंतर दिसला. इथं तर त्याहून व्यवहाराचं कारण आहे. चावलेलं कुत्रं 10 दिवस जिवंत ठेवणं हीच लेकरासाठी सगळ्यात स्वस्त आणि खात्रीची तपासणी. लाळेतून विषाणू येऊ लागला की कुत्रं थोड्याच दिवसांत आजारी पडून मरतं. दहाव्या दिवशी ठणठणीत असेल तर चाव्याच्या वेळी लाळेत विषाणू नव्हता. लस मात्र पहिल्याच दिवशी सुरू करायची, दहा दिवस वाट बघत बसायचं नाही. कुत्रं आधी मेलं किंवा पिसाळल्यासारखं वागलं तर मेंदूची तपासणी होते, बेंगळूरला हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तशी प्रयोगशाळा आहे. पण डोकं ठेचलेलं असेल तर तपासायचं काय? ते हरवलं, पळालं, रात्री कुणी दुसऱ्या गावच्या शिवारात सोडून आलं, तरी उत्तर गेलंच. आणि हे सोडून येणं आपल्याकडे फार चालतं. मारण्याचं पाप नको आणि ठेवण्याची जबाबदारी नको, म्हणून दुसऱ्याच्या पोरांच्या अंगावर घालायचं.

कायद्याचं म्हणाल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 19 तुमच्या बाजूनं आहे: मोठी हानी टाळायला सद्भावनेनं केलेली इजा गुन्हा ठरत नाही. ते त्या अर्ध्या मिनिटापुरतं. बांधलेल्या कुत्र्याला दुसऱ्या दिवशी दगडानं मारायला ते लागू नाही. आणि कुत्रं नीट न सांभाळणाऱ्या मालकाला कलम 291 मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे, कधी दोन्ही. इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यानं माणूस मारला तर मालकाला 14 वर्षांपर्यंत तुरुंगवास, जखमी केला तर 5 वर्षांपर्यंत. 2014 पासून हे स्वतःच्या घरातल्या घटनेलाही लागू. इकडं बरेच मालक कुत्र्यानं केलेल्या इजेचा विमाही काढतात. हे तिकडं यावं असं मला वाटतं. जातीवरची बंदी मात्र येऊ नये. 2024 च्या 1 फेब्रुवारीपासून इकडं एक्सएल बुली नावाची दांडगी जात सवलतीच्या दाखल्याशिवाय पाळता येत नाही. नर खांद्याशी 51 सेंटिमीटर उंच आहे का, मादी 48 आहे का, हे टेप लावून बघतात. टेपनं उंची कळते; बाळ रांगत आलं की ते कुत्रं गुरगुरतं का, हे कळत नाही. आपल्या केंद्र सरकारनंही 2024 च्या मार्चमध्ये 23 जातींवर असंच परिपत्रक काढलं, आणि एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. बरं झालं.

गुरगुरण्यावरून आठवलं: ते मारून बंद करू नका. कुत्रं आधी ओठ चाटतं, जांभई देतं, तोंड फिरवतं, डोळ्याचं पांढरं दाखवतं, मग ताठ होऊन थिजतं, मग गुरगुरतं. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं पुढच्या वेळी सरळ चावतं. मळ्याच्या दारात बारा महिने दोन हात साखळीवर बांधलेलं कुत्रं तर पळून जाऊन भांडण टाळू शकतच नाही, आणि पोर हमखास त्या साखळीच्या टप्प्यातच खेळतं. रांगतं बाळ आणि कुत्रं, मध्ये जागं मोठं माणूस नाही, तर मध्ये दार हवं. 'ते काही करत नाही' हे काही दार नव्हे.

दहा दिवसांनी मारायचंच ठरलं, आणि एकदा धरून झटकलेल्या कुत्र्याबद्दल माझं मत बहुधा तसंच पडेल, तर पशुवैद्याकडून: आधी गुंगीचं इंजेक्शन, झोप लागली की पुढच्या पायाच्या शिरेतून भुलीच्या औषधाची जास्तीची मात्रा. ओळखीच्या माणसानं डोक्याशी बसावं, कुत्रं शांत राहतं. घरी पोराला 'ते गावाला गेलं' असं सांगू नये. पोर दारात वाट बघत बसतं, आणि महिन्याभरानं शेजारचं कुणीतरी त्याला सांगून टाकतं की तुझ्यामुळं मारलं.