तो फोटो आधी काढून टाका

आज सकाळी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. परळमधल्या एका सोसायटीचं गेट, वॉचमनची रिकामी खुर्ची आणि गेटबाहेर उभ्या दोन बायका. एक साठीची, एक विशीतली. थोरलीच्या हातात मिटलेली छत्री, धाकटीच्या खांद्याला कापडी पिशवी. वरच्या मजल्याच्या खिडकीतून, त्यांच्या नकळत काढलेला फोटो. खाली मजकूर: ‘सावधान! या यहोवावाल्या आहेत. येशूला मानत नाहीत. आजारी माणसाला दवाखान्यात नेऊ देत नाहीत. राष्ट्रगीत म्हणत नाहीत, देशद्रोही आहेत. चेहरे बघून ठेवा, सगळीकडे पाठवा.’ आणि त्याखाली आमेन, आमेन, आमेन.

कशाला आमेन म्हणालात?

यहोवाचे साक्षीदार म्हणजे दारोदार जाऊन बायबलची आपली वेगळी शिकवण सांगणारा गट. ती शिकवण चुकीची आहे असं मी मानते. शब्बाथशाळेतल्या मुलांनाही तेच सांगते. पण त्या मजकुरातलं एकेक वाक्य घ्या.

दवाखाना. ते दवाखान्यात जातात, औषधं घेतात, ऑपरेशनही करून घेतात. रक्त घेत नाहीत. 1945 पासूनची ती शिकवण आहे. पूर्ण रक्त नको, लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, प्लाझ्मा यांपैकी काही नको. त्यांच्यापासून काढलेले बारीक घटक घ्यायचे की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. या शिकवणीपायी जीव गेलेत, म्हणून तिच्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण मग रक्ताबद्दल बोला ना!

राष्ट्रगीत. केरळमधली साक्षीदार कुटुंबातली तीन शाळकरी भावंडं राष्ट्रगीताला उभी राहायची, फक्त गायची नाहीत. शाळेनं काढलं. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. उभं राहून मान दिला तो पुरे, गाण्याची सक्ती नाही, असा तो निकाल. अल्पसंख्य माणसाच्या सद्सद्विवेकबुद्धीचं रक्षण करणारा हा निकाल उद्या तुमच्या-माझ्या मुलांच्याही उपयोगी पडेल. आणि आपण त्याच लोकांना देशद्रोही म्हणतोय.

येशू. ते त्याला देवाचा पुत्र म्हणतात, माणसांच्या सुटकेची खंडणी, म्हणजे मोल, म्हणून त्यानं प्राण दिला असंही म्हणतात. पण तो निर्माण केलेला आहे, मिखाएल हा आद्यदेवदूत तोच, असं शिकवतात. आपलं भांडण नेमकं इथे आहे, आणि येशू देव की निर्माण केलेला, यावरून 325 साली निकैयाच्या धर्मसभेत झालेल्या भांडणाच्या जातीचं ते आहे. ‘येशूला मानत नाहीत’ म्हटलं की तेवढा खरा मुद्दाच हातचा जातो.

अजून एक, आपल्या भाषणांतून हमखास ऐकू येणारं: ‘त्यांच्या मते फक्त 1,44,000 लोकांचं तारण होणार.’ नाही. 1,44,000 स्वर्गात राज्य करणार आणि बाकीचा मोठा समुदाय पृथ्वीवर नंदनवनात राहणार, असं ते शिकवतात. ‘तासांचा हिशोब द्यायचा म्हणून दारोदार फिरतात’ हेही जुनं झालं. नोव्हेंबर 2023 पासून साध्या प्रचारकाला तास कळवावे लागत नाहीत.

हे बारकावे का लागतात? त्या धाकट्या मुलीला आधीच शिकवलेलं असतं की लोक तुमच्याविषयी खोटं बोलतील, विरोध करतील. तुम्ही दारात पहिलंच वाक्य खोटं बोललात की तिची शिकवण तुम्हीच खरी करून दाखवली. पुढे तुम्ही कितीही शास्त्रभाग उघडा, तिचे कान मिटलेले.

बोलायचं तर असं बोला. एका बैठकीत एकच विषय. त्रैक्यावरून (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) नरकावर, नरकावरून नाताळवर उडी पडली की थांबवायचं आणि म्हणायचं, ‘ताई, हे आधी संपवू.’ वचन त्यांच्याच हातातल्या बायबलमधून मोठ्यानं वाचायला सांगा, मागची-पुढची पाच वचनं धरून. योहान 1:1 वर आपली मुलं हटकून अडकतात, कारण ती इंग्रजी यूट्यूब बघून आलेली असतात. God मधला मोठा ‘जी’ की god मधला छोटा ‘जी’. मराठीत ना मोठं अक्षर ना ‘द’सारखं उपपद! ‘शब्द देव होता’ एवढंच आपल्यापुढे असतं. तिथे ‘देव’ या ग्रीक शब्दाला उपपद नाही, म्हणून शब्द ‘एक देव’ होता असा अर्थ ते लावतात. उपपद नाही हे त्यांचं म्हणणं खरंच आहे, नाकारू नका. फक्त विचारा की त्याच अध्यायात 6, 12, 13 आणि 18 या वचनांतही देव या शब्दाला उपपद नाही, मग तिथे अर्थ का बदलला नाही? संदर्भ वेगळा, असं उत्तर येईल. येऊ दे. त्यानंतर योहान 20:28, थोमा येशूला म्हणतो, ‘माझा प्रभू व माझा देव!’ तो नुसता आश्चर्यानं उद्गारला, असं कुणी म्हणालं तर वाक्य पुन्हा वाचायला लावा. ‘त्याला म्हटले’ असं तिथे लिहिलंय. आणि मग गप्प बसा. आपल्या लोकांना हे गप्प बसणंच जमत नाही.

माता-देव शिकवणाऱ्या कोरियन गटाचंही तेच. एलोहीम हा देवासाठीचा हिब्रू शब्द अनेकवचनी, म्हणून देवपिता आणि देवमाता असे दोघे, असा त्यांचा मुद्दा. आपला माणूस ‘हा सैतान आहे’ म्हणून मोकळा होतो. अहो, उत्पत्ती 1:1 मध्ये एलोहीमचं क्रियापद एकवचनी आहे, एवढं सांगायला किती वेळ लागतो? ‘साहेब आले’ म्हणताना आपण क्रियापदही अनेकवचनी करतो, हिब्रूत तिथे तसं केलेलं नाही. आपल्या आजीलाही कळेल.

काही गटांपासून खरंच सावध राहावं लागतं, हे मान्य. पण शिकवण चुकीची असणं वेगळं आणि वागणूक घातक असणं वेगळं. शास्त्राभ्यासाला बोलावणाऱ्याला चार गोष्टी विचारा. तुमच्या संघटनेचं नाव काय? घरी सांगितलं तर चालेल का? एक आठवडा नाही आले तर? सोडून गेले तर माझ्याशी बोलाल का? शिंचनजी या कोरियन गटाच्या वर्गात नाव लपवण्याची तक्रार होते, म्हणजे तो गट पहिल्याच प्रश्नाला अडतो. साक्षीदार नाव लपवत नाहीत. पण मंडळीबाहेर काढलेल्याशी नातलगही बोलणं तोडतात, म्हणजे त्यांच्याकडे चौथा प्रश्न अवघड जातो. आणि हे चारही प्रश्न आपल्या स्वतःच्या काही पाळकांनाही विचारून बघा.

जबरदस्तीनं ‘सोडवण्याचा’ मार्ग अमेरिकेत वापरून झालाय. 1991 मध्ये तिथे एका 18 वर्षांच्या मुलाला पळवून पाच दिवस डांबून ठेवलं, त्याचा धर्म उतरवायला. तो कुठल्या विचित्र पंथाचा नव्हता, पेंटेकॉस्टल या ख्रिस्ती मंडळीचा होता.

आपल्याच मुंबईत 1857 साली समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी समोरासमोर वाद करत होते. जॉर्ज बोवेन या मिशनऱ्यानं त्या वादाचं पुस्तक छापलं, समोरच्याचं म्हणणंही त्यात घेतलं. जॉन विल्सन या मिशनऱ्यानं पारशी धर्मावर 1843 मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला तो पारशांचे ग्रंथ वाचून. विल्सनची लेखणी बोचरी होती आणि 1839 मध्ये दोन पारशी मुलांच्या बाप्तिस्म्यावरून शहर पेटलं होतं, ठाऊक आहे मला. पण ते तोंडावर बोलत होते. खिडकीतून फोटो काढत नव्हते.

2011 मध्ये जागतिक इव्हँजेलिकल संघटना, व्हॅटिकन आणि चर्चेसची जागतिक परिषद यांनी मिळून आपल्या विश्वासाची साक्ष देताना कसं वागावं याचा एक दस्तऐवज काढला. इतर धर्मांविषयी खोटी साक्ष देऊ नका, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. दहा आज्ञांमधली नववी आज्ञाही तीच, आपण ती लहानपणी पाठ केली. आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण ते ‘सौम्यतेने व भीडस्तपणाने’ द्या, असं पेत्रानंही म्हटलंय. आपण त्या वचनाचा पहिला अर्धा भागच टी-शर्टवर छापतो.

गेल्या महिन्यात याच ग्रुपवर दुसरा एक फोटो आला होता. आपलीच तीन मुलं, हातात शुभवर्तमानाच्या पुस्तिका, आणि खाली कुठल्याशा सोसायटीचा मजकूर: ‘धर्मांतर टोळी, चेहरे ओळखून ठेवा.’ तेव्हा आपण उपास केला, प्रार्थना केली. त्यातल्या एका मुलाच्या आईनं आठवडाभर त्याला घराबाहेर पाठवलं नाही. शब्द तेच आहेत हो. चेहरे ओळखून ठेवा, चेहरे बघून ठेवा.

रागानं लिहितेय, कळतंय मला. ‘आमेन’ लिहिणाऱ्यांत माझ्या जवळची माणसं आहेत. आपल्या तरुणांना कुणी ओढून नेईल ही त्यांची भीती खोटी नाही. पण ती छत्रीवाली बाई उन्हात जिने चढून आलेली असते, वॉचमन तिला बसूही देत नाही. तिला पाणी विचारा. मग योहान उघडा.

फोटो अजून ग्रुपवर आहे. अ‍ॅडमिनना सकाळी दहाला मेसेज केलाय. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्यात.