‘दीर्घिकेच्या केंद्रात तारे जन्मत नाहीत’? एनजीसी १०९७ बघा

“सर्पिल दीर्घिकेच्या मध्यभागी नवे तारे तयार होत नाहीत. तिथलं महाकाय कृष्णविवर सगळा वायू गिळतं आणि उरतात ते फक्त म्हातारे तारे.” एका झगझगीत चित्राखाली हा मजकूर सगळीकडे फिरतोय.

आधी ते ‘गिळणं’. एनजीसी १०९७ ही दंड (म्हणजे केंद्रातून आरपार जाणारा ताऱ्यांचा लांबट पट्टा) असलेली सर्पिल दीर्घिका आपल्यापासून सुमारे ४.५ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. तिच्या कृष्णविवराचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे १४ कोटी पट. आकडा दणदणीत आहे खरा, पण या कृष्णविवराच्या गुरुत्वाचा वरचष्मा शंभराहूनही कमी प्रकाशवर्षांपुरताच. त्यापलीकडच्या वायूवर हुकमत चालते ती आतल्या सगळ्या ताऱ्यांच्या एकत्रित वस्तुमानाची.

‘नवे तारे नाहीत’ हे तर सरळ खोटं. याच कृष्णविवराभोवती सुमारे ५,००० प्रकाशवर्षं व्यासाचं एक कडं आहे. २००५ साली चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात ते टिपलं, तेव्हा त्यात तारे जन्मत असलेल्या ३०० हून अधिक जागा दिसल्या.

मग एवढा वायू तिथे येतो कुठून? दंडामुळे. दंडाचं गुरुत्व सगळीकडे सारखं नसतं, त्यामुळे वायूचे प्रवाह एकमेकांवर आदळतात, कोनीय संवेग (केंद्राभोवती फिरत राहण्याचा जोर) गमावतात आणि आत घसरतात. छायाचित्रात दंडाच्या लांबीने धुळीच्या काळ्या रेघा दिसतात, त्या याच वाटा. गंमत म्हणजे खुद्द दंडात बऱ्याचदा तारे फारसे जन्मत नाहीत, कारण तिथल्या वेगांतल्या फरकाने ढग ताणले जाऊन विस्कटतात. केंद्राजवळ मात्र घसरण मंदावते, वायू कड्यात साचतो, दाटतो आणि स्वतःच्या भाराने कोसळून त्याचे तारे होतात. म्हणजे ज्या भागाला हा मजकूर वांझ ठरवतो, तिथेच दंड कच्चा माल आणून ओततो.

‘फक्त म्हातारे तारे’ यात थोडं तथ्य आहे. केंद्रीय फुगवट्यातले, म्हणजे मधल्या फुगीर गर्दीतले, बहुतेक तारे जुनेच असतात. शिवाय आपल्या आकाशगंगेलाही दंड आहे, तिच्या केंद्राजवळ दाट वायू भरपूर आहे, तरी तिथे अपेक्षेच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकेच तारे जन्मतात. यामागे वायूतली प्रचंड खळबळ आणि चुंबकीय क्षेत्र असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. वाद अजून मिटलेला नाही. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. तिथल्या आर्चेस तारकागुच्छाचं वय ५० लाख वर्षांहूनही कमी आहे. आणि सॅजिटेरियस ए* या आपल्या कृष्णविवरापासून एका प्रकाशवर्षाच्या आतही काही दशलक्ष वर्षं वयाचे तरुण, तप्त तारे फिरताना दिसतात.