गोटू काढा, शाबासकी मिळवा

पास्कल भाषेतला जुना प्रोग्राम सी भाषेत आणायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? अभिनंदन. आधी मूळ कोड समजून घ्यायचा मोह आवरा. वाचायला बसलात तर दिसेल, प्रोसिजरच्या (म्हणजे नाव दिलेल्या उपप्रोग्रामच्या) पोटात प्रोसिजर, तिच्या पोटात तिसरी, आणि या तिसरीनं इनपुटमध्ये चूक सापडताच 'गोटू ९९' (म्हणजे '९९ हे लेबल लावलेल्या ओळीवर जा') म्हणत थेट मुख्य प्रोग्रामच्या शेवटी उडी घेतलीय. प्रमाण पास्कलला अशी प्रोसिजरबाहेरची उडी मान्य होती. टर्बो पास्कल या त्याच्या अवताराला नाही, सीच्या गोटूलाही नाही. शिवाय संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रांनी १९६८ सालीच गोटूचे वाभाडे काढून ठेवलेत. तेव्हा मूळ लेखकाला मनसोक्त नावं ठेवा. (संगणकशास्त्रज्ञ क्नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्राममध्येही अशी एक उडी आहे, हे मात्र मिटिंगमध्ये बोलू नका.)

पहिला उपाय ग्लोबल फ्लॅग, म्हणजे सगळ्या फंक्शनांना दिसणारी खूण. नाव 'चूक_झाली'. आतलं फंक्शन त्याची किंमत एक करून परत फिरणार आणि बाहेरच्या प्रत्येकानं कॉलनंतर तो तपासायचा. एखादी तपासणी राहू द्या, शक्यतो लूपमधली. मग नोंद अर्धवट वाचलेली, फ्लॅग एकवर, आणि लूप निवांतपणे तीच अर्धी नोंद फाइलमध्ये लिहितोय. पुढची नोंद वाचण्याआधी कुणीतरी शिस्तीनं फ्लॅग शून्य करतो. झालं, चूक झालीच नव्हती.

कंटाळा आला की सेटजम्प आणि लाँगजम्प. पहिलं परतीची जागा नोंदवतं, दुसरं आतून थेट तिथं उडी मारतं. गोटूच तो, पण हेडर फाइलमधून आलेला, म्हणून रिव्ह्यूत कुणी हटकत नाही. सेटजम्पनंतर त्याच फंक्शनमधलं स्थानिक व्हेरिएबल बदललं आणि ते व्होलाटाइल (कंपायलरला 'हे दरवेळी मेमरीतूनच वाच' असं बजावलेलं) नसलं, तर उडीनंतर त्यात काय सापडेल याची हमी सी देत नाही. कंपायलरचं ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करणं) बंद असताना बहुधा ठीक चालतं. डेमो तेवढ्यात उरकून घ्या. सेटजम्प करणारं फंक्शन केव्हाच परतलं असलं तरी उडी माराच. बिचाऱ्या पास्कलला हे सुख नव्हतं. ज्या ब्लॉकचं लेबल, तो चालू असल्याशिवाय तिथं उडीच मारता येत नसे.

मधल्या पायऱ्यांवर उघडलेल्या फाइली, मॅलॉकनं घेतलेली मेमरी, लावलेलं लॉक यांची काळजी तर मुळीच नको. मूळ लेखकानं सगळं ग्लोबल ॲरेत ठेवलं होतं आणि उडीनंतर प्रोग्रामच संपायचा, त्यामुळे आवरायला काही उरत नसे. तुम्ही तोच कोड लायब्ररी करून कायम चालणाऱ्या सर्व्हरला जोडलात, म्हणून काय झालं? लॉक तसंच राहील, पुढची रिक्वेस्ट वाट बघत बसेल. तिला सवय होईल.

सी प्लस प्लस घेतलंत तर एक्सेप्शन (कुणी पकडेपर्यंत वर वर जाणारी चुकीची वर्दी) फेका आणि मधेच कुठंतरी रिकामा कॅच (ती पकडणारा भाग) लिहून गिळून टाका.

यातलं काहीच जमलं नाही तर लायब्ररीच्या आतूनच एक्झिट मारा. फाइली, मेमरी, सगळं ऑपरेटिंग सिस्टीम आवरते. सर्व्हरही आवरते.