बासरीला मिळालेला मेटलचा पुरस्कार आणि माझा चुकलेला निकाल

गेली अठरा वर्षे मी बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागांतील भजन स्पर्धांना परीक्षक म्हणून जात आहे, आणि माझे स्वतःचे वाद्य पेटी आहे. त्यामुळे रॉक आणि मेटल (म्हणजे गिटार-ड्रमच्या जोरकस आवाजाचे रॉक संगीत) बँडच्या पुरस्कारांबद्दल मी एवढे लांबलचक लिहावे, याचे काही मित्रांना नवल वाटेल. परंतु सहा वर्षांपूर्वी माझ्या हातून एक निकाल चुकला, आणि तो नेमका कुठे चुकला हे मला अमेरिकेतल्या ग्रॅमी या संगीत पुरस्कारांच्या एका जुन्या समारंभाची हकीकत ऐकल्यावर उमगले.

एका महाविद्यालयाच्या स्पर्धेत मला बोलावले होते. तिथे समूहगायन आणि बँड यांचा गट एकच ठेवला होता. एका संघाने गिटार, कीबोर्ड आणि तबल्याच्या साथीने नाट्यपद सादर केले, तेही अगदी नेटके. दुसरा संघ वडगावच्या चार मुलांचा होता. त्यांनी स्वतः रचलेले मराठी मेटल गीत गायले, म्हणजे बहुतांश गर्जनेच्या आवाजातच म्हटले, पण त्यांचा ड्रम आणि बास गिटार यांचा मेळ आठ मिनिटांत एकदाही विस्कटला नाही, आणि लय बदलण्याच्या तिन्ही जागा त्यांनी एखाद्या मुरलेल्या पखवाजवादकासारख्या घेतल्या. माझ्या हातातल्या गुणपत्रिकेत मात्र 'शब्दोच्चार' आणि 'माधुर्य' असे रकाने होते. मी रकान्यांप्रमाणे गुण भरले आणि पहिला क्रमांक नाट्यपदाला गेला. मुले काही बोलली नाहीत. परतताना भाचा म्हणाला, "मामा, त्यांनी जे वाजवलं त्याला तुम्ही गुण दिलेच नाहीत. तुम्हाला जे ऐकायचं होतं, ते त्यांच्यात सापडलं नाही म्हणून गुण कापलेत." मग घरी येईपर्यंत तो मला जेथ्रो टल या बँडबद्दल सांगत राहिला.

हकीकत अशी आहे की 1989 साली ग्रॅमीमध्ये हार्ड रॉक आणि मेटल सादरीकरणासाठी पहिल्यांदाच पुरस्कार ठेवण्यात आला, पण तो या दोन्ही प्रकारांना मिळून एकच होता. नामांकनांमध्ये एसी/डीसी, इगी पॉप, जेन्स ॲडिक्शन, जेथ्रो टल आणि मेटॅलिका ही नावे होती. मेटॅलिका या मेटल बँडने त्याच समारंभात मंचावर आपले गीत सादर केले आणि पुरस्कार त्यांनाच मिळणार असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. पाकीट उघडल्यावर नाव निघाले जेथ्रो टलचे, म्हणजे ज्याचा प्रमुख गायक इयन अँडरसन एका पायावर उभा राहून बासरी वाजवण्यासाठी प्रसिद्ध आहे, त्या ब्रिटिश बँडचे. आपल्याला पुरस्कार मिळेल असे स्वतः त्या बँडलाही वाटले नसल्यामुळे ते समारंभाला आलेच नव्हते. सभागृहातून हुर्यो उठली. पुढे त्यांच्या ध्वनिमुद्रिका कंपनीने 'बासरी हे जड धातूचेच वाद्य आहे' अशा अर्थाची, 'हेवी मेटल' या शब्दांवर कोटी करणारी जाहिरात छापून वेळ मारून नेली, तर मेटॅलिकाने आपल्या अल्बमवर 'ग्रॅमी हरलेले' अशी चिकटपट्टी लावली. दोघांचीही विनोदबुद्धी शाबूत होती, हे मला विशेष वाटते. आमच्याकडे भजन स्पर्धेचा निकाल वादग्रस्त ठरला, तर दोन गावे पुढच्या दिंडीपर्यंत बोलत नाहीत.

या प्रसंगावर जेथ्रो टलला हसण्याची रीत पडली आहे, ती मला पटत नाही. त्यांचा अल्बम चांगला होता. चूक होती ती गटाच्या रचनेत आणि मतदानाच्या पद्धतीत. ग्रॅमीचे मतदार हे संगीतक्षेत्रात काम करणारे लोक असतात, पण प्रत्येकाला प्रत्येक प्रकाराचा कान असतोच असे नाही, आणि कान नसलेला माणूस ओळखीच्या नावापुढे खूण करून मोकळा होतो. आयोजकांनी ते ओळखले असावे, कारण पुढच्याच वर्षी हार्ड रॉक आणि मेटल असे दोन वेगळे पुरस्कार झाले. 1990 चा मेटलचा पुरस्कार मेटॅलिकाला मिळाला, तोही आदल्या वर्षी मंचावर वाजवलेल्या त्याच गीतासाठी, आणि हार्ड रॉकचा लिव्हिंग कलर या बँडला. आपल्याकडे वारकरी भजन आणि संगीत भजन यांचे गट वेगळे ठेवण्यामागे हाच विचार आहे. आळवणीच्या अभंगाला तानांचे गुण मागितले, तर वीणेकऱ्याने काय करावे?

पेटीवाल्याला हे खरे तर आधीच कळायला हवे होते. आकाशवाणीवर 1940 पासून कित्येक वर्षे पेटीला बंदी होती, कारण रागसंगीतातल्या श्रुती, म्हणजे स्वरांमधले सूक्ष्म भेद, तिच्यातून निघत नाहीत असा आक्षेप होता. आक्षेप शास्त्राच्या दृष्टीने खोटा नव्हता, पण ज्या बेळगावात पंडित रामभाऊ विजापुरे यांनी आयुष्यभर पेटी शिकवली, तिथल्या माणसाला त्या वाद्यातून काय निघते हे वेगळे सांगावे लागत नाही. वाद्यात काय नाही याची यादी करणारा परीक्षक वाद्यात काय आहे ते ऐकत नाही. वडगावच्या मुलांच्या बाबतीत मी तेच केले.

आता पुरस्काराने बँडची ओळख घडते की बँडच्या सादरीकरणाने, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडला स्पर्धेतला एकही ग्रॅमी मिळाला नाही, 2018 साली फक्त जीवनगौरव मिळाला, आणि तरीही 13 जुलै 1985 रोजी वेम्बली मैदानावर लाइव्ह एड या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीच्या मैफलीच्या मंचावर त्यांनी घेतलेली सुमारे वीस मिनिटे आजही आदर्श सादरीकरण म्हणून दाखवली जातात. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी शाळेत शिकला तो पाचगणीला, आणि तिथेच मुलांच्या बँडमध्ये पियानो वाजवू लागला. आपल्या मुलांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल, देव जाणे. ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश मेटल बँडची कथा तर आणखी विचित्र आहे. 1970 सालच्या त्यांच्या गीताला मेटलचा ग्रॅमी मिळाला तो 2000 साली, आणि तोही 1997 च्या डिसेंबरात बर्मिंगहॅममध्ये, म्हणजे स्वतःच्या गावात, प्रेक्षकांसमोर वाजवलेल्या रूपाला. गावकऱ्यांनी तीस वर्षांपूर्वीच निकाल लावला होता, पाकीट उशिरा उघडले एवढेच.

मला सर्वांत न्याय्य वाटणारा निकाल मात्र अलीकडचा आहे. ग्रॅमीच्या नियमांत सादरीकरण याचा अर्थ बहुधा ध्वनिमुद्रणातले गायन-वादन असा असतो, त्यामुळे एका ठिकाणी, एका क्षणी घडलेल्या गोष्टीला क्वचितच मान मिळतो. 26 जुलै 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात गोजिरा या फ्रेंच मेटल बँडने सीन नदीकाठच्या काँसिएर्जरी या जुन्या कारागृहाच्या दर्शनी भिंतीवर उभे राहून फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातले गीत गायले. त्यांच्याबरोबर ऑपेरा गायिका मरिना व्हियोती होती. राणी मारी आंत्वानेतला मृत्युदंडापूर्वी जिथे कोंडले होते, तीच ही इमारत. फेब्रुवारी 2025 मध्ये त्याच सादरीकरणाला मेटलचा ग्रॅमी मिळाला, आणि त्या वेळी नामांकनात मेटॅलिकाही होती. नाव मोठे कोणाचे हा प्रश्न या वेळी आडवा आला नाही.

आमच्या भागातली मुले ऑक्टोबर 2011 मध्ये मेटॅलिकाला ऐकायला बंगळूरला पॅलेस ग्राउंडवर गेली होती, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी कपाळाला हात लावला होता. आज त्यांपैकी दोघे ड्रम शिकवतात आणि गणेशोत्सवात ढोलपथकाला लयही बसवून देतात. अशा मुलांना स्पर्धेत वेगळा गट नसावा, हे मला आता पटत नाही.

यंदा त्याच स्पर्धेचे निमंत्रण पुन्हा आले आहे. मी दोन अटी कळवल्या आहेत. बँडचा गट वेगळा करून त्याच्या गुणपत्रिकेत माधुर्याच्या जागी मेळ आणि लय असे रकाने असावेत, आणि या गटासाठी माझ्या शेजारी एक ड्रम वाजवणारा परीक्षक बसवावा. पहिली अट मान्य झाली आहे. दुसऱ्या परीक्षकाच्या मानधनावर आयोजकांची बैठक येत्या रविवारी आहे.