तोंडात ब्रश, कानात ज्ञान

दात घासणाऱ्या माणसाइतका असहाय श्रोता जगात दुसरा नसेल. त्याला उठून जाता येत नाही, "माहीत आहे" म्हणता येत नाही, आणि तोंडातून निघालेला कुठलाही आवाज समोरचा माणूस होकारच समजतो. हे आमच्या सासूबाईंनी बरोब्बर हेरलं आहे. मी ब्रश तोंडात घातला रे घातला, की बेसिनपाशी वहीचं पान उलटल्याचा आवाज येतो.

वहीत तीन रकाने. भाषा, इतिहास, सामान्य ज्ञान. वर्तमानपत्र, रेडिओ, मोबाइल, जिथे म्हणून काही सापडेल तिथून टिपायचं, लाल शाईने अधोरेखित करायचं आणि सकाळी जावयाला गाठायचं. बायको नेमकी त्याच वेळी कुठे गडप होते, याचा चौथा रकाना करायला हरकत नाही.

"जावईबापू, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. आणि रक्त निळं!"

"अं."

"तांब्यामुळे हो. आपल्या रक्तात लोह, त्याच्या रक्तात तांबं. आणि शुक्र आहे ना, त्याला स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला २४३ दिवस लागतात, पण सूर्याभोवतीची फेरी मात्र २२५ दिवसांतच पुरी."

म्हणजे एक गिरकी होईस्तोवर वाढदिवस येऊन जातो! हा विनोद मला सुचला होता. तो फेसासकट बेसिनमध्ये गेला.

भाषेचा रकाना जास्त जिव्हारी लागतो. परवा म्हणाल्या, "चावी, पगार आणि तुरुंग, तिन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले." माझ्या नोकरीचं इतकं थोडक्यात वर्णन आजवर कुणी केलं नव्हतं.

सुटकेचे उपाय मी करून पाहिले नाहीत असं नाही. चूळ भरून "माहीत आहे, आई" म्हणून पाहिलं. लगेच तोंडी परीक्षा सुरू. "मग सांगा बरं, शंभर वर्षांचं युद्ध किती वर्षं चाललं?" शंभर म्हणायचं नाही, एवढा मी तयार झालो होतो. म्हणून नव्व्याण्णव म्हटलं. "एकशे सोळा! १३३७ ते १४५३." चेहऱ्यावर असा आनंद, जणू वरची सोळा वर्षं त्या स्वतः लढल्या होत्या.

मग खोडून काढायला लागलो. "चीनची भिंत चंद्रावरून दिसते" हे आल्यावर मी ब्रश बाजूला ठेवला आणि सांगितलं, "चंद्र सोडा आई, २००३ साली चीनचाच अंतराळवीर यांग लिवेई पृथ्वीभोवती फिरून आला, त्यालाही ती दिसली नाही." सासूबाईंनी शांतपणे जुनी ओळ खोडली, नवी लिहिली आणि म्हणाल्या, "म्हणजे वाचता तुम्ही! मला वाटलं होतं, रस नाही तुम्हाला." त्या दिवसापासून मला जेवणानंतरचीही वेळ मिळाली.

खरं सांगायचं, तर माझं भांडण माहितीशी नाहीच, तिच्या तुकड्यांशी आहे. "जगातलं सर्वांत छोटं युद्ध ३८ मिनिटांचं." बरं, मग? कोण लढलं, कशासाठी, त्या मिनिटांत मेलं कोण, काही नाही. आकडा तेवढा फ्रेममध्ये लावून भिंतीवर टांगलेला. मी चिडून विचारलं, "पण पुढे काय झालं?"

हा तिसरा उपाय. यापुढे त्या गप्प बसतील, असा माझा हिशोब होता.

दुसऱ्या दिवशी वही नव्हती. फुलस्केप कागद होते. आफ्रिकेजवळच्या झांजिबार बेटाचा सुलतान वारला आणि त्याचा चुलतभाऊ खालिद इंग्रजांना न विचारता गादीवर बसला. इंग्रजांनी २७ ऑगस्ट १८९६ च्या सकाळी नऊपर्यंतची मुदत दिली. नऊ वाजून गेले आणि बंदरातल्या युद्धनौकांनी राजवाड्यावर तोफा डागल्या. खालिदच्या बाजूची सुमारे पाचशे माणसं मेली किंवा जायबंदी झाली, इंग्रजांचा एक खलाशी जखमी झाला. आणि खुद्द खालिद? तो जर्मन वकिलातीत जाऊन बसला. हे ऐकताना माझ्या तोंडातली पेस्ट वाळून गेली, तरी ब्रश जागचा हलला नाही. एरवी मी हे कबूल करणार नाही, पण गोष्ट झकास होती.

आता फुलस्केपच चालू आहे. काल पोप ग्रेगरींच्या कॅलेंडरची पाळी होती: १५८२ साली ४ ऑक्टोबरला झोपलेली माणसं उठली ती एकदम १५ ऑक्टोबरला. इंग्रजांनी हे मानायला १७५२ पर्यंत वेळ लावला आणि तोवर जुन्या-नव्या कॅलेंडरांतला फरक वाढल्यामुळे अकरा दिवस गाळले. "त्यांचं करवर्ष अजून ६ एप्रिलला सुरू होतं, त्याचं मूळ या अकरा दिवसांत आहे," सासूबाई म्हणाल्या. "दिवस गेले तरी कर पूर्ण वर्षाचा, मग वर्षही पूर्ण भरायला नको?"

तेवढ्यात बायको कुठूनशी उगवली. "आई, त्या गाळलेल्या दिवसांत ज्यांचे वाढदिवस होते, त्यांनी काय केलं गं?"

सासूबाईंनी पेनाचं टोपण काढलं. मी ब्रश धुवायला घेतला होता, तो पुन्हा तोंडात घातला.