मिठाच्या पाण्याने नसा ‘चार्ज’ होत नाहीत

‘तुमचं शरीर म्हणजे ७० मिलिव्होल्टची बॅटरी’ अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नसांमधून वायरीसारखा करंट वाहतो, वयाबरोबर ही बॅटरी उतरते आणि हातापायांना मुंग्या येणं ही त्याचीच खूण. उपाय काय, तर रोज अनशापोटी चमचाभर सैंधव घातलेलं ग्लासभर पाणी प्या, मातीवर अनवाणी चाला, मनगटात तांब्याचं कडं घाला. नसा चार्ज झाल्या की बीपीची गोळी आपोआप सुटते. वर ‘हे १९६३ च्या नोबेल विजेत्यांनी सिद्ध केलंय’ अशी पुस्ती.

माझ्या मोठ्या मावशीने हे वाचून मिठाचं पाणी सुरू केलं. तिला बीपी आहे, जुना मधुमेह आहे, तळपायांना फारसं जाणवतही नाही. तिचा विश्वास बसला तो त्या नोबेलच्या ओळीमुळे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

१९६३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ॲलन हॉजकिन, अँड्र्यू हक्सली आणि जॉन एकल्स यांना मिळालं, हे खरं. हॉजकिन आणि हक्सली यांनी काम केलं ते स्क्विडवर, म्हणजे आपल्या मासळी बाजारातल्या माकुलाच्या जातभाईवर. त्याच्या शरीरात अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा एक चेतातंतू, म्हणजे नसेतला संदेश नेणारा धागा, असतो. तो इतका जाड की आत बारीक तार सरकवून आतबाहेरचा विद्युतदाब थेट मोजता येतो. मेसेज लिहिणाऱ्याने या मंडळींचं नाव घेतलं, पण त्यांनी केलं काय ते पाहिलेलं नाही. हॉजकिन आणि बर्नार्ड कात्झ यांनी इंग्लंडमधल्या प्लिमथ इथे याच तंतूभोवतीच्या समुद्राच्या पाण्यातलं सोडियम कमीजास्त करून पाहिलं आणि १९४९ मध्ये निष्कर्ष छापले. सोडियम बदललं तरी तंतू स्वस्थ असतानाचा, म्हणजे संदेश जात नसतानाचा, दाब जवळजवळ जागचा हलला नाही. म्हणजे ज्या ‘चार्ज’साठी मावशी मीठ पीत होती, तो मिठाच्या प्रमाणावर अवलंबूनच नाही.

मग तो टिकतो कशावर? मुख्यतः पोटॅशियमवर. आपल्या पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा तीसेक पट असतं आणि सोडियमचं नेमकं उलट, बाहेर जास्त, आत कमी. स्वस्थ चेतापेशीच्या पटलातून, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणातून, पोटॅशियम थोडं थोडं बाहेर झिरपतं, जाताना धन प्रभार घेऊन जातं आणि आतली बाजू ऋण राहते. हा फरक राखायला पटलात पंप बसवलेले असतात. ते दर फेरीला ३ सोडियम आयन बाहेर टाकतात, २ पोटॅशियम आयन आत घेतात आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करतात. येन्स स्कोऊ यांनी खेकड्याच्या नसांमध्ये १९५७ मध्ये या पंपाचा माग काढला, त्यांना १९९७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एटीपी तयार होतो तो अन्न आणि प्राणवायूतून, चमचाभर मिठातून नाही.

आता जे मान्य करायला हवं ते करते. त्याच प्रयोगात सोडियम घटवल्यावर आवेगाची, म्हणजे नसेतून जाणाऱ्या संदेशाची, उंची घटली होती. माणसाच्या रक्तातलं सोडियम फार उतरलं तर तो बरळतो, झटकेही येऊ शकतात, हेही खरं. पण ते रक्ततपासणीत कळतं, आणि त्याचं कारण अनेकदा एखादं औषध किंवा शरीरात साठलेलं जास्तीचं पाणी असतं. इलाज डॉक्टरच करतात, कारण सोडियम घाईने चढवलं तर मेंदूला इजा होते. ज्याचं सोडियम ठीक आहे त्याने वरून मीठ प्यायलं तर नसांना काही मिळत नाही, तहान आणि रक्तदाब मात्र वाढतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. एक सपाट चमचा म्हणजे जवळपास तेवढंच, तेही नाश्त्याच्या आधी! आणि सैंधव म्हणून सूट नाही, त्यातही बहुतेक सगळं सोडियम क्लोराईडच असतं. त्यात बीपीची गोळी सोडायला सांगणं हा या मेसेजमधला सगळ्यात वाईट भाग आहे. गोळी अचानक बंद झाल्याने पक्षाघात झालेला माणूस ज्या घरात आहे, त्या घराला विचारा.

बॅटरी उतरण्याचं म्हणाल तर एक आवेग गेल्यावर त्या जाड तंतूतलं पोटॅशियम कमी होतं ते साधारण दहा लाखांत एक भाग. हॉजकिन आणि रिचर्ड कीन्स यांनी विष घालून पंप बंद पाडला, तरी तंतू बराच वेळ आवेग पाठवत राहिला. गच्चीवरची टाकी भरलेली असली की वीज गेली तरी नळाला पाणी येत राहतं, तसं ते आहे. वायरीची गोष्टही चुकीची. तांब्याच्या तारेत संदेश सेकंदाला लाखभर किलोमीटरहून जास्त धावतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या नसेत मोजलेला वेग सेकंदाला तीस मीटरच्याही आतला होता, कारण आवेग टप्प्याटप्प्यावर नव्याने उभा करावा लागतो. शिवाय दोन पेशींमधला निरोप बहुतेक ठिकाणी रसायनच पोचवतं.

अनवाणी चालण्याचं ऐकून तर संतापच येतो. जमिनीला पाय टेकल्याने अख्ख्या शरीराचा विद्युतदाब बदलला, तरी पेशीच्या आतला आणि बाहेरचा दाब सारखाच बदलतो, मधला फरक आहे तसाच राहतो. नसांचं काम त्या फरकावर चालतं. निरोगी माणसाने गवतावर खुशाल चालावं. पण मधुमेहाने ज्यांचे तळपाय बधिर झालेत त्यांना काटा रुतलेला कळत नाही, काच लागलेली कळत नाही. जखम चिघळते, आणि लक्षात येते तेव्हा बोट किंवा पाय कापायची वेळ आलेली असते. अशा रुग्णांनी घरातसुद्धा चपला घालाव्यात, रोज तळपाय आरशात बघावेत, असं मधुमेहाचे डॉक्टर घसा कोरडा करून सांगतात.

तांब्याच्या कड्याने नसांना काहीही होत नाही.

मुंग्या येण्याची खरी कारणं शोधता येतात: नस दाबली जाणं, मधुमेह, थायरॉईड, बी-१२ ची कमतरता. बी-१२ कमी पडलं की चेतातंतूवरचं मायलिनचं वेष्टण बिघडतं आणि आवेग नीट जात नाही. शाकाहारी घरांत ही कमतरता वरचेवर आढळते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही बी-१२ उतरतं. म्हणून गोळी सोडायची नाही, डॉक्टरांना बी-१२ ची तपासणी लिहून द्यायला सांगायचं.