बायोडाटा टाकून ठेव

नाशकात इंजिनियर झालेल्या पोराला ताबडतोब काही मिळत असेल तर त्या ओळखी. नोकरी मागाहून, जमलं तर. लग्नात, बारशाला, रविवारी मिसळीसाठी टेबल रिकामं होण्याची वाट बघताना, कुठेही उभे राहा. पप्पांच्या ओळखीचे एक गृहस्थ येतात, "काय, संपलं का कॉलेज?" म्हणतात आणि आपण 'हो' म्हणायच्या आत खिशातून मोबाइल काढतात. "बायोडाटा टाकून ठेव मला. बघतो."

मला पहिली भरघोस ओळख रामकुंडावर मिळाली. पप्पांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा दहावा होता. पिंड मांडलेला, गुरुजींना पुढच्या विधीची घाई, आणि कावळा काही शिवेना. शेजारी उभे असलेले एक काका हळूच म्हणाले, "तुझं यंदा झालं ना रे? ब्रँच कुठली?"

"मेकॅनिकल."

काकांचा चेहरा असा पडला की दहावा नक्की कोणाचा चाललाय, अशी मला शंका आली. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हरकत नाही. अंबडला आपला माणूस आहे. बायोडाटा टाकून ठेव." हे मागच्या दोघांनी ऐकलं. त्यांनी आपापली माणसं काढली. एकाचा माणूस सातपूरला, एकाचा गोंद्याला. तिसऱ्याचा साडू सिन्नरला 'चांगल्या पोस्टवर'. कावळ्याची वाट बघता बघता जिल्ह्यातल्या सगळ्या औद्योगिक वसाहतींमधून माझी सोय लागली. शेवटी कोणीतरी पिंडाकडे बघून हात जोडले आणि म्हणाले, "पोरांची काळजी करू नका, आम्ही बघतो." त्याबरोबर कावळा आला.

'बघतो'वर विश्वास ठेवणारा तेवढा एकच जीव मला नाशकात भेटला.

आता बायोडाट्याविषयी. तो आमच्या वर्गातल्या सगळ्यांचा एकच आहे. एका सीनियरने कधीतरी तयार केला, त्याच्याकडून पुढच्याने घेतला, असं करत तो आमच्यापर्यंत आला. वरचं नाव तेवढं बदलायचं. आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या आणि स्वतःच्या प्रगतीस हातभार लावण्याची इच्छा त्यात इंग्रजीतून व्यक्त केलेली असते. ही इच्छा मूळ कोणाची होती, ते आता सांगता येणार नाही. छंदांत वाचन, ट्रेकिंग आणि क्रिकेट. माझ्या एका मित्राने छंद बदलायला विसरून 'रांगोळी' तसंच ठेवलं, आणि मुलाखतीत त्याला फक्त त्याबद्दलच विचारलं.

बायोडाटा टाकला की सल्ला येतो. तो ऐकून माझं एक मत पक्कं झालंय: सांगणारा ज्या साली नोकरीला चिकटला, नोकऱ्यांचं जग त्याच्यापुरतं त्या सालात थांबलेलं असतं. नाशकात तर ही सालं कंपन्यांच्या नावावरून ओळखता येतात.

नाशिक रोडच्या मावसआजोबांचं साल प्रेसचं. करन्सी नोट प्रेस 1928 ची, आणि त्यांच्या घरात वडिलांच्या मागे मुलगा प्रेसमध्ये हे दिवाळीच्या मागे तुळशीचं लग्न येतं तितकं ठरलेलं. त्यांच्या मते नोकरी म्हणजे जिथे नोटा छापतात तिथली, बाकी ठिकाणी त्या नुसत्या खर्च होतात. मी सांगितलं, आजोबा, 2006 पासून प्रेस महामंडळाकडे गेलीय, आता जाहिरात निघते, ऑनलाइन परीक्षा असते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "असू दे की ऑनलाइन. पण आधी साहेबांना एकदा भेटून ये." कुठल्या साहेबांना, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. ज्या साहेबांना ते भेटले होते, त्यांची शंभरी कधीच उलटली असणार.

ओझरच्या काकांचं साल विमानाचं. 1964 मध्ये मिग बनवायला तिथे एचएएलचा कारखाना आला. काका पुष्कळ नंतर लागले, पण सांगताना पाया त्यांनीच खणल्यासारखं सांगतात. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घातलं, घरी कार्ड आलं, इंटरव्ह्यूला गेलो, सोमवारपासून ड्युटी. अशी चार वाक्यांत त्यांची नोकरी संपते, म्हणजे सुरू होते. 2025 च्या ऑक्टोबरात नाशकात बनलेलं पहिलं तेजस मार्क-1ए उडालं, तेव्हा त्यांनी फोन करून माझं अभिनंदन केलं. मी म्हटलं, काका, माझा काय संबंध? "अरे, विमानं वाढणार म्हणजे माणसं लागणारच! बायोडाटा टाक." टाकला. विमान मात्र त्याच्या आधी निघून गेलं होतं.

आणि आमचे मामा. ते डिझेल इंजिनांचे सुटे भाग बनवणाऱ्या मायकोचे. 2008 मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, पण मायको सर्कलला जसं अजून मायको सर्कलच म्हणतात, तसे मामाही आहेत तिथेच. ज्या काळात मायकोतल्या मुलाला मुलगी द्यायला लोक पत्रिका बघत नसत, त्या काळात ते लागले. त्यामुळे डिझेल इंजिनावर त्यांची श्रद्धा आहे. इलेक्ट्रिक गाड्यांमुळे भरती मंदावलीय असं मी म्हटलं की ते दुखावतात. "खेळणी आहेत रे ती. कसारा घाट चढताना कळेल." मामांचा मुलगा पुण्यात हिंजवडीला असतो. तो म्हणतो, मेकॅनिकल सोड, पायथन शिक. गेल्या दिवाळीत म्हणाला, पायथनही आता एआय लिहितं, तू एआय शिक. आणि निघताना मला बाजूला घेऊन त्याने विचारलं, मामांच्या ओळखीने त्यालाच नाशकात काही होईल का. मामा म्हणजे त्याचे वडील. त्यांना विचारायची त्याची हिंमत नव्हती.

चुलतभाऊ ठेकेदारीत आहे. त्याचं साल अजून यायचंय. "नोकरी कसली करतो? 2026-27 चा सिंहस्थ तोंडावर आलाय. फिरती शौचालयं पुरवायचं काम घेऊ. तुझी डिग्री कामाला येईल." माझ्या चार वर्षांच्या शिक्षणाचा नक्की कुठला भाग कामाला येईल, हे मी विचारलं नाही. आईने ते ऐकलं आणि त्या दिवसापासून तो आला की ती त्याला एकच कप चहा देते.

सल्ल्यांचा हा एक ताप, आणि ऑनलाइन अर्जाचा दुसरा. कंपनीच्या साइटवर आधी बायोडाटा अपलोड करायचा. मग साइट विचारते: तुमचं नाव काय? शिक्षण काय? दहावीला टक्के किती? हे सगळं आत्ताच दिलेल्या फाइलमध्ये आहे, पण तिथेही कोणी 'बघत' नाही. अनुभवाच्या रकान्यात शून्य टाकलं की रकाना लाल होतो. फ्रेशर हवाय, पण दोन वर्षांचा अनुभव असलेला, अशा जाहिराती मी स्वतः वाचल्यात. आधीच्या पगाराचा आकडा टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. एकदा मी वैतागून एक रुपया भरला. लगेच मेल आला की आपली अपेक्षा आमच्या बजेटमध्ये बसत नाही.

शेवटी मी पायीच निघालो. अंबडला जाऊन गेटोगेटी बायोडाटे द्यायचे. ही जुनी पद्धत. सिडकोतल्या निम्म्या घरांत अशा गेटवरूनच चूल पेटलीय. तिथे मला कळलं की एचआर विभाग हा आत एसीत नसतो, तो गेटवरच्या केबिनमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला असतो. त्याच्या अंगावर निळा शर्ट असतो आणि समोर रजिस्टर.

"कोणाला भेटायचंय?"

"एचआरना."

"कारण?"

"बायोडाटा द्यायचाय."

"इथे लिहा. गाडी नंबर?"

"गाडी नाही. सिटीलिंकच्या बसने आलोय."

ह्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग टेबलाखालून एक खोका पुढे सरकवला. खोक्यात आमच्याच वर्गाचे बायोडाटे होते. मी वरचे दोन-चार चाळले: आव्हानात्मक वातावरण, हातभार, ट्रेकिंग. गृहस्थ चांगले होते. म्हणाले, "साहेब शनिवारी नेतात. पण एक सांगू? मेकॅनिकल असाल तर कंपनीकडे मागू नका, ठेकेदाराकडे मागा. पे-रोलवर आता कोणी घेत नाही." मग आवाज खाली आणला. "माझा पोरगा पण डिप्लोमा करतोय. तुमच्याकडे कोणाची ओळख असली तर सांगा."

मी त्यांना मामांचा नंबर दिला. दुसरं काय करणार!

एका गेटमधून आत सोडलं. वॉक-इन होता. प्रॉडक्शनचे साहेब ऑइलाचे हात पुसत आले, बसले नाहीत. टेबलावरचा मापायचा व्हर्नियर उचलला आणि म्हणाले, "लीस्ट काउंट?" थर्मोडायनॅमिक्सचे नियम, हीट ट्रान्सफर, फायनल इयरचा तो आठ जणांनी मिळून सिडकोतल्या फॅब्रिकेटरकडून करवून घेतलेला प्रोजेक्ट, सगळं एका क्षणात डोक्यातून वाहून गेलं. मी म्हटलं, "शून्य पॉइंट शून्य दोन मिलिमीटर." बरोबर आलं. साहेबांना त्याचा इतका आनंद झाला की माझ्या आधी काय काय उत्तरं आली असतील, याची कल्पना आली. मग म्हणाले, "कळवतो." कळवतो हा बघतोचा थोरला भाऊ. हा पँटमध्ये शर्ट खोचतो.

मित्रांचं म्हणाल तर एक अभ्यासिकेत आहे. राज्यसेवा. 2025 पासून मुख्य परीक्षा लेखी झाली आणि मुलाखत धरून तिचे एकूण गुणही 2025, तेव्हा आयोगाने निदान साल तरी पाठ करायला सोपं ठेवलं, असं तो म्हणतो. आधीच्या बहुपर्यायी पद्धतीची त्याची पुस्तकं त्याने रद्दीत घातली. रद्दीवाल्याने घेताना 'ह्या वर्षी फार आलीत' म्हणून भाव पाडला. खुल्या वर्गाला वयाची अट 38 पर्यंत असल्याने त्याच्या घरचे निवांत आहेत, आणि तो नाही. दुसरा मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत एका सरकारी कार्यालयात बसला. योजना 2024 ची, पदवीधराला महिना 10,000 रुपये. लोकांनी तिला 'लाडका भाऊ' नाव ठेवलं. प्रशिक्षणात तो काय शिकला विचारलं तर म्हणाला, झेरॉक्सचं मशीन अडकलं की कुठल्या बाजूने उघडायचं. बाकी निम्मा वर्ग चाकणला गेला. सणाला घरी यायचं तर संगमनेर, नारायणगाव करत रस्त्यानेच. नाशिक-पुणे रेल्वेबद्दल आम्ही एकमेकांना विचारत नाही. तिचंही आमच्यासारखंच आहे, वरून बघताहेत.

चाकणला गेलेल्यांतल्या एका मित्राचा एका रात्री मेसेज आला. सोबत एक पीडीएफ. 'अरे, आमच्या सुपरवायझरला कोणीतरी पाठवलंय. मुलगा नाशिकचा आहे, गरजू आहे म्हणे. आमच्याकडे जागा नाही. तू तिकडे हिंडतोयस तर ह्याचं कुठे होतंय का बघ.' उघडलं तर माझाच बायोडाटा. पहिलं पान गळालं होतं, त्यामुळे नाव नव्हतं. नुसतं दुसरं पान: छंद, भाषा, आणि वरील माहिती खरी असल्याचं माझं प्रतिज्ञापत्र. इतक्या हातांतून फिरून तो पुसट झाला होता, पण टक्के वाचता येत होते. मला त्या मुलाबद्दल खरंच वाईट वाटलं.

तर, लागलं शेवटी. अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर परीक्षा संपल्या संपल्या नाव नोंदवून मी विसरून गेलो होतो. तिथून फोन आला, सिन्नरच्या एका कंपनीचा. एक वर्ष, स्टायपेंड, कँटीन, बस. कोणाचा माणूस नाही, कोणाचा साडू नाही. क्वालिटी विभागात घेतलं, तिथेही पहिला प्रश्न व्हर्नियरचाच. पप्पांनी ग्रुपवर टाकलं.

अर्ध्या तासात मामांचा फोन. "मी बोललो होतो त्यांच्याशी." मग ओझरचे काका: "आपला एक रिटायर्ड इन्स्पेक्टर आहे तिकडे, शब्द टाकला होता." रामकुंडावरच्या साडूवाल्यांनी तर पप्पांना बजावून सांगितलं की अशा गोष्टी उघड बोलायच्या नसतात, तुम्ही समजून घ्या. मावसआजोबांनी विचारलं, "साहेबांना भेटून आलास ना?" मी 'हो' म्हटलं. ते म्हणाले, "बघ!"

पोर्टलचं नाव मी एकदाच काढलं. पप्पा म्हणाले, गप्प बस, प्रत्येकाकडे अर्धा किलो पेढे घेऊन जायचंय. आईने यादी केली. मामा, काका, आजोबा, साडूवाले, आणि ते सातपूरचे कोण ते. मी गेटवरच्या निळ्या शर्टवाल्यांचंही नाव घालायला सांगितलं, त्यावर पप्पा काही बोलले नाहीत. पेढ्यांचा हिशोब पहिल्या महिन्याच्या स्टायपेंडात बसत नव्हता. तेव्हा साडूवाल्यांना पाव किलो करावं का, यावर आई-पप्पांचं सध्या चाललंय.